बाळंतिणीच्या उशाशी

१९५२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावात एका बोधपटाचं चित्रीकरण चाललं होतं. राज्याच्या आरोग्य खात्याला सुइणींच्या प्रशिक्षणासाठी तो हवा होता. दिग्दर्शक जॉर्ज स्टोनी यांनी त्यासाठी नटी न घेता खरीखुरी सुईण घेतली. तिचं नाव मेरी फ्रान्सिस हिल कोली. पन्नाशी गाठलेली ही कृष्णवर्णीय बाई त्या पंचक्रोशीत ‘मिस मेरी’ म्हणून ओळखली जाई. तिच्या हातून जन्मलेल्या मुलांची संख्या तीन हजारांच्या वर जाते. ‘ऑल माय बेबीज’ हा तो बोधपट १९५३ साली पूर्ण झाला. मिस मेरी कोपरापर्यंत हात घासून धुते, कात्री उकळते, आरोग्य खात्याने नेमून दिलेली पिशवी उघडून एकेक वस्तू मांडते. हे सारं त्यात आहेच. पण पाहणाऱ्याच्या मनात राहतं ते दुसरंच. ती बाळंतिणीशी सतत बोलत असते. आवाज चढत नाही, घाई नाही. बाईचा नवरा कोपऱ्यात अवघडून उभा असतो, त्यालाही ती कामाला लावते. तपासणीला दवाखान्यात जायला टाळाटाळ करणाऱ्या घरात ती पुन्हा पुन्हा जाते. पडद्यावर दिसणारा जन्म खरा आहे. २००२ साली अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपण्याच्या चित्रपटांत त्याची निवड केली.

ज्या सुईणपणाचा हा उत्तम धडा होता, ते सुईणपण पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत दक्षिणेतल्या राज्यांनी मोडीत काढलं. आज त्याच राज्यांत, तशाच घरांमध्ये, पुन्हा एक बाई गरोदर बाईच्या दारात येऊन उभी राहते. तिला डूला म्हणतात. ती बाळंतपण करत नाही, तपासत नाही, औषध देत नाही. ती सोबत करते. या दोन बायांच्या मधल्या काळात काय घडलं, ते नीट समजून घेतल्याशिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या मृत्यूंचे आजचे आकडे कळत नाहीत.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यांवर बाळंतपणं करायची ती गुलाम सुईणच. आफ्रिकेतून आलेली विद्या आणि या मातीत शिकलेल्या झाडपाल्याची माहिती एका बाईकडून दुसरीकडे जात राहिली. ती गुलाम बायांची बाळंतपणं करी, तशीच मालकिणीचीही. मालकाच्या दृष्टीने प्रत्येक गुलाम मूल ही मालमत्तेत पडलेली भर होती, त्यामुळे गुलाम बाईच्या गर्भाशयावर त्याचा पूर्ण हक्क होता आणि वैद्यकालाही तो हक्क आपोआप मिळत गेला. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात १८४५ ते १८४९ या काळात डॉक्टर जेम्स मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडून लघवी सतत गळत राहण्याचा जो असह्य विकार होतो, त्यावर त्यांना इलाज शोधायचा होता. अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी ही तीन नावं त्यांच्याच लेखनातून उरली आहेत. एकट्या अनार्कावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता. सिम्स यांचे गोरे मदतनीस कंटाळून निघून गेले तेव्हा त्यांनी या बायांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. एकीला कापत असताना दुसऱ्या तिला धरून ठेवत. सिम्स पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून गौरवले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्यांचा पुतळा २०१८च्या एप्रिलपर्यंत उभा होता. २०२१ साली कलावंत मिशेल ब्राउडर यांनी माँटगोमेरीतच अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी यांची उंच धातुशिल्पं उभारली.

गुलामगिरी संपली, सुईण राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली निम्मी बाळंतपणं सुइणींच्याच हातून होत होती. दक्षिणेतल्या खेड्यांत तर कृष्णवर्णीय बाईला दुसरा आधारच नव्हता. डॉक्टर मैलोनमैल दूर, त्याची फी परवडणारी नाही आणि दिली तरी तो येईलच असं नाही. कृष्णवर्णीय डॉक्टर तरी किती असणार? वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच वैद्यकीय शाळा बंद पडल्या. सुइणीला मोबदला मिळे तो कधी दोन-चार डॉलर, कधी कोंबडी, कधी मक्याचं पोतं, तर कधी काहीच नाही. ती कळा सुरू झाल्यावर येई आणि बाळ झाल्यावर लगेच निघून जात नसे. स्वयंपाक, धुणं, थोरल्या मुलांची आंघोळ, बाळंतिणीचं खाणंपिणं हे सगळं तिच्या कामातच मोडे.

मग सुइणींविरुद्धची मोहीम सुरू झाली. प्रसूतिशास्त्र हे नवं शास्त्र आपली जागा मागत होतं. शिकागोचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी सुइणीला रानटी युगाचा अवशेष ठरवलं. १९२० साली त्यांनी एक शोधनिबंध लिहिला आणि बाळंतपण हीच मुळात शरीराला इजा करणारी घटना आहे, म्हणून चिमट्याने मूल काढणं हा नेहमीचा उपाय असावा, असं मांडलं. १९२१ साली शेपर्ड-टाउनर कायदा झाला. माता आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने प्रथमच राज्यांना पैसा दिला. त्या पैशातून दवाखाने निघाले, परिचारिका गावोगाव फिरल्या, सुइणींचे वर्ग भरले. हे चांगलंच झालं. हात धुणं, नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालणं, नाळ स्वच्छ कात्रीने कापणं यांनी जीव वाचले यात शंका नाही. पण त्याच पैशाच्या जोरावर राज्यांनी सुइणीला परवान्याखाली आणलं. वर्षाकाठी नोंदणी, पिशवीची झडती, पांढरा झगा आणि झाडपाल्याला बंदी. पिशवीत नेमून दिलेल्या वस्तूंखेरीज काही सापडलं तर परवाना जाई. कित्येक जुन्या सुइणी मग दोन पिशव्या ठेवत, एक झडतीची आणि एक कामाची.

दोष खरोखर सुइणींचा होता का? १९३३ साली न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीने शहरात तीन वर्षांत झालेल्या दोन हजारांहून अधिक मातामृत्यूंची छाननी प्रसिद्ध केली. जवळपास दोन तृतीयांश मृत्यू टाळता आले असते आणि त्यांतल्या बहुसंख्य मृत्यूंची जबाबदारी डॉक्टरांकडे जाते, असा तिचा निष्कर्ष होता. या अहवालाने खळबळ माजली, सुइणींवरचा रोख मात्र बदलला नाही.

पुढे सल्फा औषधं आली, पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या आल्या आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मातामृत्यू झपाट्याने घसरले. रुग्णालयाने लाखो बायांचे प्राण वाचवले, हे मान्य न करणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण ही घसरण सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. १९५० साली गोऱ्या स्त्रियांमध्ये एक लाख जन्मांमागे सुमारे ६१ मातामृत्यू होते आणि गौरेतर स्त्रियांमध्ये सुमारे २२२. १९३०च्या सुमारास साधारण दुप्पट असलेलं अंतर साडेतीन पटींवर गेलं होतं. औषधं ज्या इमारतीत होती त्या इमारतीचं दारच त्यांना बंद होतं. १९४६च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालयं बांधायला सरकारी पैसा दिला आणि ‘वेगळी पण समान’ सोय करण्याची मुभाही दिली. प्रत्यक्षात वेगळी होती, समान नव्हती. ती मुभा १९६३ साली ग्रीन्सबरोच्या खटल्यात न्यायालयाने रद्द केली. पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि मेडिकेअर या सरकारी विम्याचे पैसे हवे असतील तर वर्णभेद सोडा, अशी अट आल्यावर रुग्णालयांचे वॉर्ड एक झाले.

पण दार उघडं असलं तरी आत काय होई? १९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाच्या मजूर बाई गर्भाशयातली गाठ काढून घ्यायला रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. हे इतकं सर्रास चाले की त्या भागात त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’, म्हणजे मिसिसिपीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, असं नाव पडलं होतं. हेमर पुढे मताधिकाराच्या लढ्यातल्या अग्रणी झाल्या आणि आपल्यावर काय झालं ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं, म्हणून ते नोंदलं गेलं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांची गणती नाही. कृष्णवर्णीय कुटुंबं रुग्णालयाकडे आजही जरा सावधपणे पाहतात, त्याचं मूळ अशा आठवणींत आहे. अशा वेळी सुईण गेली याचा अर्थ, घर आणि रुग्णालय यांच्यामधला एकमेव ओळखीचा माणूस गेला.

अलाबामाने १९७६ साली कायदा करून जुन्या धाटणीचं सुईणपण बेकायदा ठरवलं; हाती असलेले परवाने तेवढे रद्द होईपर्यंत चालले. ग्रीन परगण्यातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ तेव्हा सत्तरीच्या होत्या. आजीने वाढवलेली, शेतात राबलेली ही बाई. तीन हजारांहून अधिक मुलं त्यांनी या जगात आणली. पायाळू मुलं, जुळी, दिवस न भरलेली, सगळी. आसपासची रुग्णालयं गरीब कृष्णवर्णीय बायांना घेत नसत, त्या काळात त्यांनी बहुतेक काम केलं. त्यांची हकिकत लिंडा जॅनेट होम्स यांनी त्यांच्याबरोबर बसून १९९६ साली पुस्तकरूपाने आणली. मोबिल शहरातल्या ऑनी ली लोगन यांचीही अशीच कथा. त्यांचा परवाना १९८४मध्ये संपुष्टात आला. पाच वर्षांनी त्यांचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. मला ही दोन्ही पुस्तकं एकत्र वाचावीत असं वाटतं, कारण दोघी एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने सांगतात: बाळ बाहेर येणं हा कामाचा छोटा भाग, बाईला धीर देणं हा मोठा.

तो मोठा भाग शास्त्राला सापडला तो फार दूर, ग्वाटेमालात. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आई आणि बाळ यांच्या नात्याचा अभ्यास करत होते. तिथल्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात पहिलटकरणी एकट्याच कळा सोसत. संशोधकांनी काहीजणींजवळ एक अनोळखी साधी बाई बसवली. ती पाठ चोळी, हात धरी, बोले, बस्स. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकट्या पडलेल्या बायांची सुटका व्हायला सरासरी १९ तास लागले होते आणि सोबत असलेल्यांची ९ तासांच्या आत झाली होती. मग अमेरिकेतच, ह्यूस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात ४१२ पहिलटकरणींवर प्रयोग झाला. १९९१ साली निष्कर्ष आले: सोबत नसलेल्यांमध्ये सिझेरियन १८ टक्के, सोबत असलेल्यांमध्ये ८ टक्के. कमरेतून भूल घ्यावी लागलेल्यांचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत खाली आलं. २०१७ साली सतरा देशांतल्या सव्वीस अभ्यासांचा आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा निघाला, त्यानेही दिशा तीच दाखवली.

अलाबामाने सुइणींना बाद केलं ते आणि ग्वाटेमालाच्या अभ्यासाने सोबतीचं मोल सिद्ध केलं ते, यांत चार वर्षांचं अंतर आहे. ज्या ज्ञानावर बंदी आली तेच ज्ञान शोधनिबंधातून नव्याने मान्य झालं. आणि मान्य झाल्यावर ते प्रथम कुणाला मिळालं? डूलांची राष्ट्रीय संघटना १९९२ साली निघाली, प्रशिक्षणं सुरू झाली आणि ही सेवा सुखवस्तू, बहुतांशी गोऱ्या घरांत रुळली, कारण फी खिशातून भरायची होती. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापर्यंत ती पोचायची तर कुणीतरी वेगळी वाट काढायला हवी होती. ती वाट वस्त्यांमधल्या बायांनीच काढली.

सॅक्रामेंटोत कॅथरिन हॉल-त्रुहियो राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत होत्या. कृष्णवर्णीय अर्भकांच्या मृत्यूचे आकडे रोज त्यांच्या टेबलावर येत. १९८८ साली त्यांनी ओळखीच्या बायांना गोळा केलं आणि प्रत्येकीने एका गरोदर मुलीची बहीण व्हायचं असं ठरवलं. यातून ‘बर्थिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. पोर्टलंडमध्ये सुईण शाफिया मन्रो यांनी १९९१ साली पारंपरिक सुईणपणाची संस्था काढली आणि जुन्या दक्षिणी सुइणींचा वारसा उघडपणे सांगत नव्या बायांना शिकवायला घेतलं. त्यांच्या मते डूला ही नवी कल्पना नव्हतीच. १९९६ साली शिकागोत किशोरवयीन मातांसाठी एक प्रकल्प सुरू झाला आणि तिथून ‘कम्युनिटी डूला’ हा नमुना देशभर गेला. त्यातला नियम साधा होता: डूला त्याच वस्तीतली हवी. तिथलीच भाषा, तिथलीच बस, तिथलीच चणचण. लोरेथा वाइसिंगर या त्यांतल्या एक. स्वतः कोवळ्या वयात आई झालेल्या. शिकागोच्या पश्चिम भागातल्या त्यांच्या कामावर २००५ साली माहितीपट निघाला. ब्रुकलिनमध्ये शनेल पोर्शिया-अल्बर्ट यांनी २००८ साली ‘एन्शंट साँग’ सुरू केली, तर २०१० साली शहराच्या आरोग्य खात्याचाच ‘बाय माय साइड’ हा उपक्रम आला.

वस्तीतली डूला नेमकं काय करते? पोट दिसू लागल्यापासून ती घरी येते. पहिल्या भेटीत बाळंतपणाचा विषय बरेचदा निघतच नाही. घरभाडं थकलंय, फ्रिजमध्ये काही नाही, मालक सुट्टी देत नाही, तपासणीला जायला दोन बस बदलाव्या लागतात, थोरलं पोर कुणाकडे ठेवायचं: बोलणं यांवर होतं. ती सरकारी पोषण योजनेचा अर्ज भरून देते, पाळणा मिळवून देते, तपासणीच्या दिवशी बरोबर जाते आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या दिवशी कागदावर उतरवून ठेवायला सांगते. कळा सुरू झाल्या की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबते. परिचारिकांच्या पाळ्या बदलतात, ती बदलत नाही. कंबर दाबते, कूस बदलवते, पाणी पाजते, धास्तावलेल्या नवऱ्याला किंवा आईला कुठे उभं राहायचं ते दाखवते. डॉक्टर घाईघाईत काही बोलून गेले तर ती बाईला हळूच विचारते, तुला कळलं ना ते, काही विचारायचंय का? बाईच्या वतीने ती बोलत नाही. बाईचा आवाज दबू देत नाही. घरी गेल्यावरही तिच्या फेऱ्या चालू राहतात. डोकं फार दुखतंय का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, पायाला सूज आहे का, रक्तस्राव वाढलाय का. अमेरिकेतले निम्म्याहून अधिक गरोदरपणाशी निगडित मृत्यू बाळंतपणानंतरच्या आठवड्यापासून वर्षभराच्या काळात होतात. त्या काळात रुग्णालय सहा आठवड्यांनी एकदा बोलावतं. डूला त्याआधीच दार वाजवते.

कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या जास्त मृत्यूंचं कारण गरिबी हेच, असं बरीच वर्षं मानलं गेलं. ते पुरेसं नाही, हे एकेक करून कळत गेलं. १९९२ साली आर्लीन जेरोनिमस यांनी मांडलं की वर्णभेदाचा रोजचा ताण कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर अकाली झिजवतो. १९९७ साली शिकागोचे रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांच्या बाळांची वजनं अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या जवळ जाणारी निघाली. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळं मात्र हलकी होती. आनुवंशिकतेचा युक्तिवाद तिथे कोसळतो. जे काही होतं ते अमेरिकेत वाढल्यामुळे होतं. न्यूयॉर्क शहराच्या २०१६च्या अहवालाने आणखी एक भ्रम मोडला. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांना बाळंतपणात गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होतं.

आकडा चेहरा घेऊन आला तो २०१७ साली. शॅलन आयर्विंग या रोगनियंत्रण केंद्रातल्या साथरोगतज्ज्ञ, वय ३६. आरोग्यातली विषमता हाच त्यांचा अभ्यासविषय. मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. त्या आठवड्यांत त्या तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा तपासायला गेल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना मुलीच्या जन्मानंतर दम लागला. फुप्फुसात गुठळी झाली असणार हे त्यांनी स्वतः ओळखलं, कारण पूर्वी तसं झालेलं होतं. कोणती तपासणी हवी आणि कोणतं औषध हवं हेही त्यांनी सांगितलं, तरी परिचारिकेला प्रथम वाटलं की वेदनाशामकांमुळे त्या बरळत आहेत. जगातली सर्वांत नामवंत खेळाडू, आणि तिलाही आपल्या शरीराबद्दल दोनदा सांगावं लागलं. आयर्विंग यांची मैत्रीण लॉरेन अंडरवुड पुढे काँग्रेसवर निवडून आल्या. त्यांनी २०२० साली कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्यासाठी विधेयकांचा एक संच सहकाऱ्यांबरोबर मांडला.

डूलांचा प्रश्न तोवर पैशापाशी येऊन अडला होता. अमेरिकेतल्या दहापैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते. ऑरेगन आणि मिनेसोटा यांनी २०१४च्या सुमारास तीत डूलाला जागा दिली. ऑरेगनच्या निर्णयामागे शाफिया मन्रो यांचा पाठपुरावा होता. मिनियापोलिसमधल्या मेडिकेडवरच्या हजारावर स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली आला होता. डूला असलेल्यांमध्ये सिझेरियन २२ टक्के, देशभरच्या मेडिकेड बाळंतपणांत जवळपास ३२ टक्के. ब्रुकलिनच्या ‘बाय माय साइड’ उपक्रमातल्या बायांमध्ये २०१० ते २०१५ या काळात दिवस भरण्याआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण ६.३ टक्के होतं, तर त्याच भागातल्या इतरांमध्ये १२.४. उपक्रमात येणाऱ्या बाया मुळात जास्त जागरूक असू शकतात, हे ध्यानात घेऊनही हा फरक लहान नाही.

तरी राज्यांनी देऊ केलेला मोबदला पाहिला की मन विटतं. न्यूयॉर्कने २०१९ साली पथदर्शी योजना सुरू केली. आठ भेटी आणि संपूर्ण बाळंतपण मिळून जास्तीत जास्त ६०० डॉलर. रात्री-अपरात्री फोन घ्यायचा, वीस-तीस तास उभं राहायचं, स्वतःचं मूल सांभाळायला कुणाला तरी पैसे द्यायचे. तासाचा हिशेब किमान वेतनाच्याही खाली जात होता. ब्रुकलिनच्या डूलांनी या दराने नावं नोंदवायला नकार दिला आणि योजना एरी परगण्यापुरतीच सुरू झाली. मला त्यांचा नकार पूर्ण योग्य वाटतो. कृष्णवर्णीय बाईच्या सेवेला सेवा म्हणून गौरवायचं आणि काम म्हणून फुकटात जमा धरायचं, हे मळ्यांच्या काळापासून चालत आलं आहे. त्यांची एक भीतीही खरी होती. नोंदणी, प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, पूर्वेतिहासाची तपासणी: या अटी वाचताना १९२०च्या दशकातले परवाने आणि पिशवीच्या झडत्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. दर्जा राखायला काही नियम हवेतच. पण ते ठरवताना वस्तीतली बाई टेबलाच्या कोणत्या बाजूला बसली आहे, यावर सारं अवलंबून असतं.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडने हे सगळं उघडं पाडलं. न्यूयॉर्कमधल्या काही मोठ्या रुग्णालयांनी नवऱ्यालासुद्धा आत सोडायचं बंद केलं. राज्याच्या आदेशाने एक सोबती परत मिळाला, पण नवरा की डूला अशी निवड बाळंतिणीवर आली. डूला फोनच्या पडद्यावरून श्वास मोजू लागल्या. एप्रिलच्या अखेरीस राज्याच्या कृती गटाने डूलाला पाहुण्यांत न धरता मदत पथकात धरावं अशी शिफारस केली. मधल्या पाच-सहा आठवड्यांत ज्या बाळंत झाल्या, त्यांच्यासाठी ती उशिरा आली. २०२१ साली कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जन्मांमागे ६९.९ वर गेलं. गोऱ्या स्त्रियांमध्ये ते २६.६ होतं.

त्यानंतर राज्यं जागी होऊ लागली. न्यू जर्सीने २०२१ साली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ साली मेडिकेडमध्ये डूलाला घेतलं. न्यूयॉर्कने २०२४ साली राज्यभर सेवा सुरू करताना शहरातला दर १५०० डॉलरपर्यंत नेला. बाळंतपणानंतर पूर्ण वर्षभर मेडिकेड चालू ठेवण्याची मुभाही राज्यांना मिळाली. ब्रुकलिनच्या नकाराने जे साधलं ते विनंत्यांनी साधलं नव्हतं.

तरीही एक धोका मला दिसतो आणि तो बोलून दाखवायला हवा. रुग्णालयांना, विमा कंपन्यांना, सरकारांना डूला आवडू लागली आहे, कारण ती स्वस्त आहे. मातामृत्यूंबद्दल काय करता असं विचारलं की डूलांच्या योजनेकडे बोट दाखवता येतं. पण वाढलेला रक्तदाब वेळेवर ओळखणं हे डॉक्टरांचं काम आहे, रक्त गेलं तर ते मोजणं आणि चढवणं हे रुग्णालयाचं काम आहे, खेड्यातले प्रसूती विभाग बंद पडू न देणं हे सरकारचं काम आहे. राज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले मृत्यू तपासले तेव्हा दहांपैकी आठांहून अधिक टाळता येण्याजोगे निघाले. ते टाळण्याचा अधिकार डूलाकडे नाही. मिस मेरीच्या पिशवीत कात्री होती. आजच्या डूलाला तिच्या कामातली सोबत तेवढी परत मिळाली आहे, अधिकार मिळालेला नाही. जिच्या हातात अधिकार नाही तिच्या माथी जबाबदारी टाकणं हा दुसरा अन्याय ठरेल.

कोविड ओसरल्यावर अमेरिकेतले मातामृत्यू उतरले. गोऱ्या स्त्रियांमध्ये २०२२ साली एक लाख जन्मांमागे १९ होते, २०२३ साली १४.५ झाले. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये २०२२ साली ४९.५ होते. २०२३ साली ते ५०.३ होते. १९५० साली अंतर साडेतीन पटींहून किंचित जास्त होतं; २०२३ सालीही ते साडेतीन पटींच्या आसपासच होतं.